बरणीतले प्रायमर

"आधी हे भर," असं म्हणून व्हर्लने फळीवरचं दुसरं खोकं ओढलं आणि टेबलावर आदळलं.

नॅडीनचा हात जागच्या जागी थांबला. तिच्यासमोर रायफलीच्या प्रायमरची थाळी उघडी होती. मसुराच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या धातूच्या शंभर टोप्या, काडतुसाच्या बुडाशी बसायच्या आणि पिनेचा ठोका बसला की ठिणगी देऊन बारूद पेटवायच्या. टेबलावर एका वेळी एकाच जातीचे प्रायमर काढायचे, हा तिचा नियम तीस वर्षांत तिने एकदाही मोडला नव्हता. व्हर्लने आणलेलं खोकं पिस्तुलाचं होतं, आणि ते आदळल्यामुळे उघडलं होतं.

"ते उचल, व्हर्ल. हे संपू दे आधी."

"मी काय म्हणालो?"

"ऐकलं मी. दहा मिनिटं थांब."

"बहिणीशी फोनवर तासभर खिदळायला वेळ असतो. माझं काम आलं की दहा मिनिटं थांब."

त्याने टेबलाला खालून लाथ घातली. टेबल एका अंगावर कलंडलं, तराजू पडला, थाळी आणि खोकं दोन्ही उलटं झालं आणि गॅरेजच्या सिमेंटच्या जमिनीवर पाऊस पडावा तसे ते बारके दाणे उसळत गेले. एक त्याच्या बुटाखाली सापडला आणि फट्कन उडाला. व्हर्ल दचकला. ती बघत असताना आपण दचकलो याचाच त्याला जास्त राग आला. त्याने तिला केसांना धरून खाली ढकललं.

"गोळा कर. कुठले रायफलीचे, कुठले पिस्तुलाचे ते वेगळे कर आणि शनिवारपर्यंत माझी काडतुसं तयार ठेव."

नॅडीनने गुडघ्यांवर बसून दोन दाणे तळहातावर घेतले. दिव्याखाली धरले. दोन्ही पांढरे, दोन्ही एकाच मापाचे.

"नाही होणार वेगळे," ती म्हणाली. "मोजमाप सारखं, रंग सारखा. फरक असतो तो पत्र्याच्या जाडीत. रायफलीचा पत्रा जाड, पिस्तुलाचा पातळ. तो डोळ्यांना दिसत नाही. टाकून द्यावे लागतील सगळे."

"टाकून? बाजारात सहा महिने मिळत नाहीयेत हे."

"तरीही."

"तीस वर्षं पोस्टात बसून टपाल निवडतेस ना गं? मग हेही निवड."

"पाकिटावर पत्ता असतो, व्हर्ल. यांच्यावर नाही."

हे ती उर्मटपणाने म्हणाली नव्हती. पण त्याला तसं वाटलं. त्याचा बूट तिच्या डाव्या बरगडीत बसला, आणि ती श्वास घेता येईपर्यंत तशीच, कपाळ जमिनीला टेकून राहिली. तो ट्रक घेऊन निघून गेल्याचा आवाज आला तेव्हा ती उठली. कागदाच्या कपट्याने एकेक दाणा उचलून तिने जॅमच्या रिकाम्या बरणीत भरला. बरणीवर चिकटपट्टी लावली आणि पोस्टात लिहितात तशा ठसठशीत अक्षरांत लिहिलं : मिसळलेले. वापरू नयेत.

अशा प्रायमरवर तेल ओतून ते निकामी होईपर्यंत भिजत ठेवायचे, मग शूटिंग क्लबच्या म्हाताऱ्या रखवालदाराकडे नेऊन द्यायचे, अशी तिची पद्धत. तेलाचा डबा व्हर्लच्या ट्रकमध्ये होता. स्वयंपाकघरात मक्याचं तेल होतं. ती बरणी फळीवर ठेवून आत गेली आणि आडवी झाली.

*

काडतुसं भरायला तिला बापाने शिकवलं. आयडाहोच्या त्या डोंगराळ मुलुखात बरेच लोक हरणाच्या आणि एल्क या मोठ्या सांबराच्या शिकारीच्या मोसमाआधी घरीच काडतुसं भरत. झाडलेली पितळी नळकांडी साफ करायची, बुडाशी नवा प्रायमर बसवायचा, मोजून बारूद ओतायची, वर गोळी दाबायची. नॅडीनचा बाप म्हणायचा की ज्याचं मन भरकटतं त्याने हे काम करू नये. नॅडीनचं मन भरकटत नसे. सीडर फोर्डच्या पोस्टात ती एकोणिसाव्या वर्षी लागली, आणि तिने चुकीच्या खणात पत्र टाकल्याची तक्रार गावात कोणाला आठवत नव्हती.

व्हर्ल प्रुइट तेव्हा लाकडाच्या गिरणीत करवतीवर होता. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी करवतीने त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. आधीही तो हात उचलायचा. नंतर उरलेल्या तीन बोटांनी उचलायला लागला. बारीक काम त्याला जमेना, म्हणून त्याची काडतुसं नॅडीन भरू लागली. त्याचे मित्र तिच्या काडतुसांची तारीफ करायचे. "नॅडीनची गोळी जिथे बघाल तिथेच जाते," असं कोणी म्हटलं की व्हर्ल खूश व्हायचा, जणू काही ती त्यानेच भरली होती. तिलाही बरं वाटायचं. आयुष्यात दुसऱ्या कुठल्या गोष्टीबद्दल तिला कोणी इतकं चांगलं म्हटलं नव्हतं.

त्याची एक सवय होती. भांडण त्याच्या मनासारखं संपलं नाही की तो कपाटातून रायफल काढायचा, नळी तिच्याकडे करायचा आणि बोल्ट, म्हणजे वरचा सरकता दट्ट्या, मागे ओढून सोडायचा. खाड्कन आवाज व्हायचा, काडतूस आत जायचं. एवढंच. चापाला त्याने कधी बोट लावलं नाही. तो आवाज ऐकला की नॅडीन गप्प व्हायची, आणि त्याला तेवढंच हवं असायचं. पहिल्यांदा असं झालं तेव्हा ती रडली होती. पुढे पुढे ती बटाटे सोलत असली तर सोलत राहायची, फक्त बोलणं थांबवायची. त्या काडतुसांतलं प्रत्येक तिने स्वतः भरलेलं होतं. चाप ओढल्याशिवाय त्यातलं एकही उडणार नाही, हे तिला आपल्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं.

*

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ती बरगडीला पट्टा आवळून कामावर गेली. शनिवारी दुपारी बाजार घेऊन परतली तर गॅरेजमधून यंत्राचा आवाज येत होता. व्हर्ल टेबलाशी बसला होता. समोर पितळी नळकांड्यांची रांग, आणि बरणी उघडी.

"त्यातले घेतलेस?"

"दिसत नाही?"

"कशात भरतोयस?"

"रायफलीच्या नळकांड्यांत. पिस्तुलाने काय खेकडे मारू?" तीन बोटांच्या चिमटीत त्याने एक काडतूस धरून तिच्यापुढे नाचवलं. "बघ. बसले की नाही नीट? सगळे बसतात. उगाच आपली मोठी शहाणी."

नॅडीनने पिशव्या खाली ठेवल्या. ती सावकाश, अंगावर येणाऱ्या कुत्र्याशी बोलावं तशी बोलली.

"व्हर्ल, बसतात हे खरं. पण तुझ्या त्या रायफलीतली पिन मोकळी असते, तिला स्प्रिंग नाही. बोल्ट सोडलास की तो आपटतो, आणि पिन पुढे येऊन प्रायमरला टेकते. जाड पत्रा असेल तर नुसता ठिपका उमटतो. पातळ असेल तर उडेल. चाप न ओढता उडेल."

"बाप शिकवून गेला वाटतं."

"हो, बापच. ती काडतुसं दे माझ्याकडे."

"तुझ्या हातचं आता मला काही नको." तो हसला. "तुझ्यावाचून माझं अडतं असं वाटत होतं ना तुला?"

तिने पुन्हा एकदा सांगितलं. त्याने यंत्राचं हँडल दाबलं आणि पुढचं नळकांडं घेतलं. पिशव्या उचलून ती घरात गेली.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर तिने त्याला सांगितलं की ती आर्डिसकडे, बहिणीकडे राहायला जाणार आहे. बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. हे वाक्य तिने बरेच दिवस मनात घोळवलं होतं, आणि बोलताना ते फार लहान निघालं.

व्हर्ल ताट सरकवून उठला आणि आतल्या खोलीत गेला. कपाटाचं दार वाजलं. तो परत आला तेव्हा हातात रायफल होती, आणि काडतुसांचं मॅगझिन लावलेलं होतं.

"कुठे जाणार म्हणालीस?"

नॅडीन शेगडीपर्यंत मागे सरकली. "व्हर्ल, बोल्ट ओढू नकोस."

नळी तिच्या छातीवर आली. त्याने बोल्ट मागे ओढला आणि तसाच धरून ठेवला.

"सोडू नकोस. ऐक माझं. तसाच धर आणि मॅगझिन काढ. व्हर्ल, मी पाया पडते तुझ्या. आत पातळ पत्र्याचं असेल तर उडेल ते. मी कुठे जात नाही. सोडू नकोस."

इतक्या वर्षांत तिला अशा विनवण्या करताना त्याने पाहिलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. ते तिला स्पष्ट दिसलं, आणि आता काय होणार तेही कळलं. ती उजवीकडे वळली. त्याने बोल्ट सोडला.

स्वयंपाकघर फुटल्यासारखा आवाज झाला. तिचा डावा हात कोणीतरी मागे हिसडल्यासारखा भिरकावला गेला आणि ती शेगडीवर आदळून खाली बसली. कोपराच्या वर हाड नव्हतंच, मांसाचा लगदा होता, त्यातून रक्त पिचकारीसारखं कपाटाच्या दारांवर उडत होतं. मागच्या भिंतीतल्या भोकातून अंगणातला उजेड आत येत होता. दुखत नव्हतं. तिने व्हर्लकडे पाहिलं. तो स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होता. त्याची उरलेली तीन बोटं बोल्टच्या दांड्यापाशीच होती.

"मी नाही ओढला," तो म्हणाला. "नॅडीन, मी चाप नाही ओढला."

"माहीत आहे," ती म्हणाली.

मग त्याने रायफल टाकली, कमरेचा पट्टा काढला, तिच्या दंडाभोवती गुंडाळला आणि दातांनी धरून आवळला. ती किंचाळली. तो रडत होता, शिव्या देत होता, आणि पट्टा आवळत होता. फोनही त्यानेच केला.

*

स्पोकेन शहरातल्या इस्पितळात तिचा हात खांद्याखाली चार इंचांवर कापला. पाचव्या दिवशी सरकारी वकीलबाई भेटायला आल्या. त्यांचं नाव मेरिडिथ ओक्स, वय चाळिशीचं, चेहऱ्यावर जागरण.

"खुनाचा प्रयत्न," त्या म्हणाल्या. "पंधरा वर्षं मागणार आहोत आम्ही. शेजाऱ्यांनी वर्षानुवर्षं काय काय ऐकलंय ते आता सांगायला लागलेत. तुमच्या बरगड्यांचा एक्स-रेही आहे. तुमचा नवरा बाहेर येईल तेव्हा म्हातारा झालेला असेल, प्रुइट बाई."

"त्याने चाप ओढला नाही."

"तोही तेच म्हणतो. सगळे तेच म्हणतात."

"तो खरं बोलतोय." नॅडीनने प्रायमरची हकिकत सांगितली. टेबल, बरणी, शनिवार, सगळं. सांगताना तिने पांघरुणाखालून डावा हात वर घ्यायचा प्रयत्न केला आणि थांबली. "उरलेली काडतुसं तुमच्याकडे आहेत. एखाद्या जाणकाराला त्या रायफलीत घालून बघायला सांगा. बोटं सांभाळून म्हणावं."

ओक्सबाईंनी वही मिटली.

"हे तुम्हाला कोणी विचारणार नाही," त्या म्हणाल्या. "त्याच्या वकिलाला बंदुकांतलं ओ की ठो कळत नाही. मी विचारलं नाही तर कोर्टात हा विषयच निघणार नाही. कळतंय ना मी काय म्हणतेय ते?"

"कळतंय. पण खरं सांगीन म्हणून शपथ मलाच घ्यायची आहे ना?"

"तुमचा हात गेलाय."

"हो. पण तो कसा गेला ते मला माहीत आहे. लोक ज्याचं ऐकतील असं ते सांगणारी मी एकटीच आहे."

ओक्सबाईंनी पेन पिशवीत टाकलं. जाताना दाराशी थांबून म्हणाल्या, "आता तुम्ही मला सांगितलंत. म्हणजे मलाही ते लपवता यायचं नाही. आता जे होईल ते तुम्ही बघून घ्या." त्यांच्या आवाजात राग होता, पण उरलेली काडतुसं त्यांनी दुसऱ्याच दिवशी तपासायला पाठवली. सतरा होती. नुसता बोल्ट सोडल्यावर त्यातली तीन उडाली.

*

खटला मार्च महिन्यात उभा राहिला. व्हर्ल बारीक झाला होता, दाढी केलेली होती. नॅडीनने सगळं क्रमाने सांगितलं. त्याने नळी माझ्यावर धरली होती, ती म्हणाली. ती त्याने अनेकदा धरली होती. चाप त्याने ओढला नाही. असं होईल हे मी त्याला शनिवारी सांगितलं होतं, आणि रविवारी पुन्हा सांगितलं. पट्टा त्याने बांधला, नाहीतर मी तिथेच संपले असते.

व्हर्लचा वकील उठला. त्याला आता विषय कळला होता.

"तुम्ही सावध बाई आहात म्हणता. मग त्या बरणीत तेल का घातलं नाहीत?"

"डबा त्याच्या ट्रकमध्ये होता."

"घरात दुसरं तेल नव्हतं?"

"मक्याचं होतं."

"मग?"

"बरगडी दुखत होती. मी आडवी झाले."

"शुक्रवारी? शनिवारी सकाळी?"

हा प्रश्न नॅडीनने स्वतःला इस्पितळाच्या छताकडे बघत शेकडो वेळा विचारला होता. वाचता येईल अशी चिठ्ठी लावलेली बरणी, हाताला येईल अशा फळीवर, आणि घरात असा माणूस जो तिने नको म्हटलेलं मुद्दाम करणार. हे तिला गुरुवारी संध्याकाळी ठाऊक नव्हतं का?

"मला सांगता येत नाही," ती म्हणाली.

"सांगता येत नाही की सांगायचं नाही?"

"मी विसरले असेन. किंवा विसरले नसेन. मी खूप शोधलं, साहेब. जे मला नक्की माहीत नाही ते मी शपथेवर सांगणार नाही."

न्यायालयात कोणीतरी खोकलं. व्हर्लने पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत उपकाराची भावना होती की भीती, तिला कळलं नाही, आणि कळून घ्यायची इच्छाही झाली नाही.

खुनाच्या प्रयत्नाचा आरोप टिकला नाही. बंदूक रोखून धमकावणं आणि दुखापत, याबद्दल पाच वर्षं झाली. तीन भोगली की सुटकेसाठी अर्ज करता येईल, असं न्यायाधीश म्हणाले. बाहेरच्या पायऱ्यांवर व्हर्लचा भाऊ तिच्याजवळ आला आणि टोपी काढून म्हणाला, "वहिनी, घरच्या सगळ्यांतर्फे आभार."

"तुमच्यासाठी नाही बोलले मी," नॅडीन म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

पोस्टात ती एप्रिलपासून परत जाऊ लागली. एका हाताने टपाल लावायला वेळ लागे, म्हणून ती तासभर आधी यायची. खिडकीशी येणाऱ्या बायका पूर्वी हवापाण्याचं बोलायच्या. आता तिकिटं घेऊन निघून जायच्या. काहींच्या घरी काय चालतं ते नॅडीनला ठाऊक होतं. त्यांना वाटलं होतं, एकदा तरी एखाद्याला जन्माची अद्दल घडेल. ते हिने घालवलं. एकीने तर निकालाची बातमी छापलेला पेपर खिडकीवर ठेवला आणि निघून गेली.

त्याच आठवड्यात शुक्रवारी ती रस्त्यापलीकडच्या खानावळीत गेली. लग्नाआधी ती दर शुक्रवारी तिथे जेवायची, लग्नानंतर कधी गेली नव्हती. तिथे वाढणारी विल्मा सेटल दणकट बांध्याची, साठीच्या पुढची. तिच्या धाकट्या बहिणीला नवऱ्याने वीस वर्षांपूर्वी मारून टाकलं होतं. तो आठ वर्षांत सुटला होता आणि अजून त्याच जिल्ह्यात ट्रक चालवत होता.

नॅडीनने तळलेलं मांस आणि बटाट्याचा लगदा मागवला. विल्माने ताट आणून ठेवलं, काटा-सुरी ठेवली, पण ती हलली नाही.

"मी असते तर तोंड उघडलं नसतं," विल्मा म्हणाली.

"माहीत आहे."

"झोप लागते तुला?"

"कधी लागते. कधी नाही."

"तीन वर्षांनी येईल तो."

"मी नसेन इथे. आर्डिसच्या गावच्या पोस्टात बदली मागितलीय. जूनमध्ये होईल."

"तिथे येणार नाही कशावरून?"

"येईलही," नॅडीन म्हणाली.

नॅडीनने सुरी उजव्या हातात घेतली आणि मांसावर दाबली. तुकडा तुटला नाही, सगळं मांसच ताटात सरकत गेलं आणि रस्सा मेजावर सांडला. तिने सुरी ठेवून काटा घेतला, पुन्हा सुरी घेतली. शेजारच्या मेजावरचे दोघे लाकूडतोडे बोलायचे थांबले आणि आपल्या कपांत बघू लागले.

विल्माने ताट उचललं आणि आत गेली. नॅडीनने कागदी रुमालाने मेजावरचा रस्सा पुसला. आतून चिरायच्या फळीवर सुरीचा आवाज येत राहिला, एकसारखा, घाई नसलेला. विल्मा परत आली तेव्हा मांसाचे एकसारखे लहान तुकडे केलेले होते आणि वर नवा गरम रस्सा घातला होता. तिने ताट ठेवलं, काट्याचं टोक नॅडीनच्या उजव्या हाताकडे वळवलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेली.

नॅडीन सावकाश जेवली. ताटात काही ठेवलं नाही.